वाटेत लागलेलं लग्न

कॅरियाकू बेटावरच्या हिल्सबरोच्या धक्क्यावर पाय टेकताच एल्रॉय बेडोनं बायकोला सगळा बेत पुन्हा एकदा ऐकवला.

"दहाला विंडवर्डला घरी. मग चर्चवरून वरात येईल, ती बघायची. एकला जेवण. तीनला सगळ्यांना टाटा! चारची बोट, आणि संध्याकाळी युनियन बेटाच्या किनाऱ्यावर आपला तंबू. काय?"

"तुझ्या सख्ख्या भावाचं लग्न आहे, एल्रॉय," इव्हेट म्हणाली.

"म्हणून तर पाच तास दिले!"

एल्रॉय इंग्लंडात हडर्सफील्डच्या बस आगारात वेळापत्रकं बनवायचा. त्याच्या हिशोबात माणूसही दोन थांब्यांच्या मधलं काहीतरी असायचं. दीड महिना झाला, दोघं पाठीवर बोजे टाकून बेटामागून बेट पालथं घालत होते. कॅरियाकू त्यांच्या यादीत नव्हतंच. पण ग्रेनाडात असताना डेक्स्टरच्या लग्नाची बातमी कळली, एल्रॉयनं नकाशा पाहिला आणि म्हणाला, "अरे, हे तर वाटेतच आहे!" अकरा वर्षांत तो या बेटावर फिरकला नव्हता. आई गेली तेव्हाही नाही. तेव्हा सुट्टी मिळाली नव्हती, असं त्यानं कळवलं होतं. सुट्टी त्यानं मागितलीच नव्हती, हे फक्त इव्हेटला ठाऊक होतं.

त्यानं युलाली आत्याला फोनवर एवढंच सांगून ठेवलं होतं, "शनिवारी घरी येतोय, आत्या." म्हणजे शनिवारी घरी डोकावतो. आत्याच्या कानात मात्र "घरी येतोय" एवढंच शिरलं. ती ढसाढसा रडली, आणि डोळे पुसून जी बाहेर पडली ती तीन दिवस विंडवर्डभर फिरत राहिली. थोरला परत आला! इंग्लंड सोडलं! आता बापाच्या हाताखाली बोटी बांधणार!

त्यामुळं बसमधून उतरल्यावर जे झालं, त्याला वेळापत्रकात जागा नव्हती.

अंगणात दगडांच्या चुलींवर हंडे रटरटत होते. भोवती वीसेक बायका. आत्यानं हातातला डाव टाकला आणि किंकाळी फोडली. "आला! माझा बाळ आला!" मग तिनं त्याच्या पाठीवरचा बोजा पाहिला. तो त्याच्या डोक्यावर वीतभर निघालेला.

"सगळं सामान घेऊन आलास?"

"हो," एल्रॉय म्हणाला. ते खरंच होतं.

"आणि भावाला आहेर?"

आहेर! पाच तासांच्या बेतात आहेर बसला नव्हता. तो काही बोलायच्या आत आत्यानं बोज्याच्या दोऱ्या सोडल्या. वीस बायका वाकल्या. आधी निघाले दोन ओले मोजे. मग एक तवा. मग इव्हेटचं असं काही निघालं की बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या आणि इव्हेटनं झडप घातली. शेवटी तळाशी, हिरव्या पिशवीत गुंडाळलेला, तंबू.

"हाच!" एल्रॉय ओरडला. "हाच आहेर! डेक्स्टरसाठी, खास!"

नवरदेव डेक्स्टर अर्धी टाय बांधून बाहेर आला होता. त्यानं पिशवी उलटसुलट केली. "तंबू?"

"चांगल्या कंपनीचा आहे."

"लग्नात तंबू." डेक्स्टरनं मान हलवली. "बरं झालं. घराचं छत व्हायचंय अजून. बायकोला म्हणेन, भावानं ओळखलं."

"आणि आपण रात्री झोपायचं कुठं?" इव्हेट कानाशी फिसकारली.

"बोलू नकोस! हस!"

इव्हेट हसली. दात ओठ खात हसता येतं, हे त्या दिवशी विंडवर्डला कळलं.

इतक्यात हॅम्लिन बेडो, एल्रॉयचा बाप, शेडमधून आला. म्हाताऱ्यानं काळा कोट घातला होता आणि हातात निशाणाची काठी होती. लाल रेशमी कापड, कडेला पिवळी झालर. त्यानं मुलाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर डोंगर चढायच्या जाडजूड बुटांपाशी जरा थांबली.

"आलास?"

"आलो, डॅडी."

"बरं." म्हाताऱ्यानं काठी पुढं केली. "निशाण थोरल्यानं नाचवायचं असतं. घे."

मागं चुलतभाऊ कथबर्ट उभा होता. पांढरे हातमोजे, पांढरे बूट, मानेला पावडर. "काका, दोन महिने मी तालीम करतोय," तो म्हणाला.

"थोरला आला ना आता."

कथबर्टनं एकेक बोट ओढत हातमोजे काढले आणि एल्रॉयच्या हातात ठेवले. "घे बाबा. दोन महिने मी झोपेत सुद्धा नाचलोय. बायको वेगळ्या खोलीत झोपते."

या क्षणी शहाण्या माणसानं सांगितलं असतं की मला जमणार नाही. पण म्हाताऱ्याचे डोळे इतके उजळले होते, की असा बाप एल्रॉयला आठवतच नव्हता. त्यानं हातमोजे चढवले. ते त्याला तोकडे झाले.

"येतं तुला?" इव्हेटनं विचारलं.

"अगं, एकोणिसाव्या वर्षी माझ्यासारखं निशाण नाचवणारा बेटावर नव्हता!"

"आता तू एकोणीसचा आहेस का?"

चर्चमधलं उरकलं आणि दोन्हीकडची माणसं तिठ्यावर समोरासमोर आली. इकडं विंडवर्ड, तिकडं नवरीचं गाव, लेस्तेर. मधे रिकामा रस्ता, कडेला व्हायोलिन आणि ढोल. दोन्ही निशाणं एकमेकांभोवती नाचतात, झुकतात, गिरक्या घेतात, आणि ज्याचं निशाण शेवटी वर राहतं त्या घराचा शब्द संसारात वर राहतो, असं मानतात. निशाणांमागून दोन्ही घरांचे केक नाचत येतात. नवरीचा केक तिच्या धर्ममातेनं ताटात घेऊन डोक्याच्या वर धरला होता. चार मजली, वर साखरेची दोन कबुतरं. करायला तिला नऊ दिवस लागले होते.

लेस्तेरचं निशाण नवरीच्या ऑगस्टीन मामाकडं होतं. वय बहात्तर. एका पायानं लंगडा. एल्रॉयला हायसं वाटलं.

ढोल सुरू झाला आणि मामाचा लंगडा पाय कुठं गेला कुणास ठाऊक! म्हातारा भोवऱ्यासारखा फिरला, निळं निशाण एल्रॉयच्या नाकासमोरून सळसळलं, खाली झुकलं आणि भसकन वर गेलं. लेस्तेरवाले ओरडले. एल्रॉयनं गिरकी घेतली. बुटांनी घेतली नाही. तो एकीकडं, बूट दुसरीकडं. मामानं निळं निशाण लाल निशाणावर अलगद टेकवलं, मांजरानं उंदरावर पंजा ठेवावा तसं.

"एल्रॉय! वर! वर घे!" बाप ओरडला. आवाज चिरकला होता.

त्या आवाजानं घात केला. एल्रॉयनं डोळे मिटले आणि होती नव्हती ती ताकद लावून काठी वर उपसली. काठी वर गेली. नुसती वर नाही, मागंही गेली, आणि पुरा वळसा घालून पलीकडं नाचत येणाऱ्या धर्ममातेच्या ताटावर आडवी बसली.

कबुतरं पहिली उडाली. मागोमाग चारही मजले.

ढोल थांबला. व्हायोलिनवाल्याला कळायला जरा वेळ लागला, म्हणून तो एकटाच दोन सूर जास्त वाजवत राहिला.

"मुद्दाम केलं!" लेस्तेरकडून कुणीतरी ओरडलं.

"हरत होता म्हणून केलं!"

"चला परत! या घरात पोरगी द्यायची नाही!"

नवरीनं घुंघट वर करून केक पाहिला, घुंघट खाली घेतला आणि आतून हुंदका आला. डेक्स्टर तिच्याकडं धावला, तर तिच्या दोन भावांनी त्याला अडवलं. ऑगस्टीन मामा पुढं आला. आता तो पुन्हा लंगडत होता.

"याच्या हातात निशाण दिलं कुणी?"

"मी नाही," कथबर्ट ताबडतोब म्हणाला.

सगळे एल्रॉयकडं पाहत होते. आणि इथं इव्हेटला वाटलं की नवऱ्याची बाजू घ्यावी. ती बिचारी कळवळून बोलली.

"अहो, चुकून झालं! अकरा वर्षांत सवय राहिली नाही त्याला! आम्ही काही यासाठी आलोच नव्हतो. युनियनला निघालो होतो, हे वाटेत लागलं म्हणून थांबलो. चारची बोट आहे आमची!"

आत्यानं तोंडावर हात ठेवला. कथबर्टसुद्धा खाली बघू लागला.

एल्रॉयनं बापाकडं पाहिलं. म्हातारा रागावला असता तर बरं झालं असतं. शिवी हासडली असती, कानाखाली वाजवली असती, तर एल्रॉयनं ती निमूटपणे घेतली असती. पण हॅम्लिन बेडोनं फक्त डोक्यावरची टोपी काढली, पुढं झाला आणि मुलाच्या हातातून काठी घेतली.

"ऑगस्टीन," तो म्हणाला, "हा आमच्यातला नाही. पर्यटक आहे."

"काय आहे?"

"पर्यटक. सकाळी बोटीतून उतरला. इथं काय चाललंय विचारत आला, जरा नाचवू का म्हणाला. मी दिलं हातात. चूक माझी. बेडोंच्या माणसानं अजून निशाण उचललेलं नाही."

ऑगस्टीन मामानं एल्रॉयला लहानपणी पोहायला शिकवलं होतं. आजूबाजूच्या दोनशे माणसांतल्या निम्म्यांनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. मामानं एल्रॉयकडं बराच वेळ पाहिलं. मग नाकाडोळ्यांनी तंतोतंत त्याच्यासारख्या दिसणाऱ्या हॅम्लिनकडं पाहिलं. मग हुंदके देणाऱ्या भाचीकडं.

"असं होय! पर्यटक!" तो म्हणाला. "मग काय बोलायचं! यांना काय कळतंय!"

"पर्यटक आहे, पर्यटक!" गर्दीत शब्द फिरला. "तरीच बूट बघा!" कुणी हसलं. धर्ममातेनं डोळे पुसले आणि खालचा मजला उचलण्याजोगा आहे, असं जाहीर केलं. कथबर्टनं हातमोजे परत घेतले. ढोल वाजला. कथबर्ट असा नाचला, असा नाचला, की निशाणं बरोबरीत सुटली आणि दोन्ही घरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

एल्रॉयला कुणी हाकललं नाही. उलट फार अगत्यानं वागवलं. सावलीतलं टेबल दिलं, दोघांनाच. टेबलावर स्वच्छ कापड. आत्या ताट घेऊन आली, ते समोर ठेवलं आणि प्रत्येक शब्द सावकाश, सुटा सुटा उच्चारत म्हणाली, "हे बकऱ्याचं मटण. हा मक्याच्या पिठाचा गोळा. आमच्याकडे लग्नात करतात."

"आत्या," एल्रॉय म्हणाला.

"हातानं खाल्लं तरी चालतं," आत्या म्हणाली. ती वळून गेली.

"सांग ना त्यांना काहीतरी!" इव्हेट कुजबुजली. तिच्या ताटात टपटप पाणी पडत होतं. "सांग की तू थांबतोस म्हणून!"

एल्रॉय गोळा मोडत बसला. थांबतो म्हणायचं, तर कुणी? पर्यटकानं?

बाप टेबलाटेबलावरून पाहुण्यांची विचारपूस करत येत होता. तो त्यांच्यापाशीही थांबला. टोपी पुन्हा काढली.

"पोटभर जेवा," तो म्हणाला. "संकोच करू नका. कसं वाटलं तुम्हाला आमचं बेट?"

तुम्हाला! जन्मात बापानं त्याला अरे-तुरेशिवाय हाक मारली नव्हती. डॅडी, असं म्हणायला एल्रॉयनं तोंड उघडलं. पलीकडच्या टेबलावर लेस्तेरची माणसं कान टवकारून बसली होती.

"छान आहे," तो म्हणाला. "माणसं फार चांगली आहेत."

हॅम्लिन बेडोनं मान डोलावली.

"सगळे पाहुणे तेच म्हणतात," असं म्हणून तो पुढच्या टेबलाकडं गेला.