केरोबाची टाच आणि महाराजांची तब्येत

एका जंगलात, बाळांनो, मुंगीपासून हत्तीपर्यंत सगळ्यांना कामं वाटून दिलेली होती आणि एक केरोबा सोडला तर कोणीच आपलं काम धड करत नव्हतं. केरोबा म्हणजे अस्वल. चुळबुळ करू नका. मांडी घालायला जागा मिळालीय ना? मग बसा गुपचूप. बसायला मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे ते तुम्हाला आत्ता कळेल.

केरोबा प्रचंडसिंह महाराजांचा द्वारपाल होता. टेकडीवर महाराजांची गुहा, गुहेच्या तोंडाशी काळ्या दगडाची फरशी, आणि त्या फरशीवर दिवसभर दोन पायांवर ताठ उभा केरोबा. अस्वलांना असं उभं राहायला जमतं, म्हणून हे काम पिढ्यानपिढ्या त्याच्याच घरात होतं.

त्या जंगलात एक रीत होती. राजा गेला, की द्वारपालाने खाली बसायचं. टेकडी सगळ्या जंगलातून दिसायची. सकाळी उठल्यावर जो तो आधी तिकडे बघायचा. अस्वल उभं आहे, म्हणजे महाराज आहेत. अस्वल बसलं, की रडायला सुरुवात करायची. रात्री अंधारात काहीच दिसायचं नाही, म्हणून रात्री महाराज आहेत की नाहीत याची कोणी चौकशी करत नसे.

सोपी रीत होती. फक्त तिच्यात टाचेचा विचार केलेला नव्हता.

एके दिवशी सकाळी केरोबाने अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं आणि "आई गं!" म्हणत तो पुन्हा आडवा झाला. टाचेत कोणीतरी खिळा ठोकावा तशी कळ आली होती. थोडं चालल्यावर जरा बरं वाटलं. पण दिवसभर फरशीवर उभं राहून संध्याकाळी घरी येताना पुन्हा तेच.

"रजा घ्या," त्याची बायको ठकूबाई म्हणाली.

"मी रजा घेतली तर फरशीवर कोण उभं राहील?"

"मग दुपारी जरा बसत चला."

"हळू बोल! महाराजांच्या जिवावर उठलीस काय?"

ठकूबाई ओट्यावर जाऊन बसली. तिला बसलेली बघून केरोबाला इतका हेवा वाटला, की त्याने तोंड फिरवलं.

दिवस गेले. टाच काही ऐकेना. केरोबा झाडं धरत धरत टेकडी चढू लागला. शेवटी तो दिवाणांकडे गेला. दिवाण म्हणजे तरसोपंत.

"दिवाणजी, टाच फार दुखते. मधूनमधून बसायला मिळालं तर..."

तरसोपंतांचे कान उभे राहिले. "म्हणजे महाराजांनी मधूनमधून मरावं असं तुमचं म्हणणं आहे?"

"तसं नाही हो."

"मग टाचेचं बघू. समिती नेमतो."

आता बाळांनो, आपापल्या घरच्या मांजरीचे पाय आठवा. मांजर बोटांवर चालते, तिची टाच हवेत असते. जंगलात बहुतेकांचं असंच. ज्यांची टाच जमिनीला टेकते अशी माकडंबिकडं समितीवर यायला तयार होती. पण तरसोपंत म्हणाले, "टाच असलेले लोक घेतले की ते स्वतःचंच रडगाणं लावतात. आपल्याला तटस्थ मंडळी हवीत."

म्हणून अध्यक्ष झाले डॉक्टर लांबे. डॉक्टर लांबे अजगर होते. जंगलात त्यांचं नाव मोठं होतं, कारण इतक्या वर्षांत त्यांना पायाचा एकही विकार झालेला नव्हता. बरोबर कृष्णाबाई नीलगाय आणि बकाजीपंत बगळे.

डॉक्टर लांबे सरपटत फरशीपर्यंत आले आणि त्यांनी केरोबाला आपादमस्तक न्याहाळलं.

"कधीपासून आहेत?"

"काय?"

"पाय."

"जन्मापासून."

"तरीच," डॉक्टर म्हणाले.

कृष्णाबाईंना तर प्रकारच कळेना. "अहो, पण मुळात टाच टेकवता कशाला? मी बघा, खुरांवर उभी असते. सवय लावून घ्यायची."

केरोबाने दुसऱ्या दिवशी चवड्यांवर उभं राहून पाहिलं. पोटऱ्यांत गोळे आले. तो वर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई. खालून बघणारं जंगल हवालदिल झालं. "महाराजांची तब्येत वरखाली होतेय," अशी बातमी दुपारपर्यंत नदीपलीकडे पोचली.

मग बकाजीपंतांचा उपाय. "दोन्ही पायांवर उभं राहणं ही निव्वळ उधळपट्टी आहे. एकावर राहा. त्रास निम्मा होईल."

केरोबा एका पायावर उभा राहिला. "महाराज अर्धे गेले," असं म्हणून सशांनी एकेका डोळ्याने रडायला घेतलं. शेजारच्या राज्यातून अर्ध्या लांबीचा हार आला. प्रचंडसिंह महाराज आतून ओरडले, "हा हार कोणासाठी?" तरसोपंतांनी तो घाईघाईने पाठीमागे लपवला.

शेवटी डॉक्टर लांबे म्हणाले, "मूळ कारण काढून टाकल्याशिवाय गुण येणार नाही. मला बघा. मूळ कारणच नाही." तरसोपंतांनी लगेच कुऱ्हाड मागवली. कुऱ्हाड बघून केरोबा म्हणाला, "आता पुष्कळ बरं वाटतंय," आणि समितीने पहिला रुग्ण बरा केल्याचं जाहीर केलं.

बरा कसला! ऐन उन्हाळ्यातल्या एका दुपारी फरशी तापलेली होती आणि केरोबाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. त्याने गुहेत डोकावून पाहिलं. महाराज मजेत जेवत होते.

"महाराज, क्षमा करा," तो पुटपुटला. आणि बसला.

बाळांनो, काय सांगू तुम्हाला! पाय पसरलेले, पाठ भिंतीला. केरोबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते सुखाचं होतं. पण लांबून काय दिसणार? अस्वल बसलंय आणि रडतंय. संशयाला जागाच उरली नाही.

खाली एकच आकांत उसळला. तरसोपंत धापा टाकत टेकडीवर आले. गलका ऐकून महाराजही तोंड पुसत बाहेर आले.

"काय गोंधळ आहे?"

"महाराज गेले," तरसोपंत हुंदका देत म्हणाले.

"कोण महाराज?"

"आपण."

"अरे, मी हा तुझ्यासमोर उभा आहे!"

"आपण उभे असाल. केरोबा बसलाय."

महाराजांनी केरोबाकडे पाहिलं. "ऊठ!"

केरोबाने खरोखर प्रयत्न केला. पण टाच जमिनीला लागताच तो कळवळून पुन्हा बसला. "उठतो हो महाराज, पण टेकवतच नाही."

मग महाराजांनी डरकाळी फोडली. ती ऐकून जंगल हळहळलं. "आत्मा तळमळतोय बिचाऱ्याचा. काहीतरी इच्छा राहिली असणार." तेवढ्यात एक कावळा गुहेत शिरला आणि महाराजांच्या ताटातला अर्धवट तुकडा घेऊन उडाला. कावळा शिवला! सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर महाराज काय बोलत होते ते कोणी ऐकलं नाही.

गादीवर महाराजांचा मानलेला पुतण्या बसला. चपळराव बिबट्या.

सुतक संपेपर्यंत द्वारपालाने मऊ गवतावर बसायचं आणि ऊन पाण्याच्या झऱ्यात पाय सोडायचे, अशीही रीत होती. शोकाने पाय गारठतात म्हणे. केरोबाने रीत मनापासून पाळली. कैलासवासी महाराजांनाही आता काही उद्योग नव्हता. तेही शेजारी येऊन बसत, आणि दोघं तळव्याखाली बेलफळं घोळवत गप्पा मारत.

"केरोबा, मी आयुष्यभर बसलोच होतो. एवढं सुख कधी वाटलं नाही."

"त्याला आधी उभं राहावं लागतं, महाराज."

सुतक फिटलं तोवर केरोबाची टाच ठणठणीत झाली होती. तो पुन्हा फरशीवर उभा राहिला. चपळराव महाराज आत निवांत झाले.

पण फरशी तीच होती ना! एके दिवशी केरोबाने नुसता भार या पायावरून त्या पायावर घेतला. आत चपळराव ताटावरून ताडकन उठले.

"काय होतंय केरोबा?"

"काही नाही महाराज. टाच जरा..."

चपळरावांनी घाईघाईने तरसोपंतांना बाजूला घेतलं. "त्याला एक चौरंग द्या बसायला. रीत मोडली असं जाहीर करा."

"तसं करता येणार नाही," तरसोपंत कुजबुजले. "द्वारपाल बसूनही राजा जिवंत असतो असं ठरलं, तर आधीचे महाराजही जिवंत ठरतील. ते काय, तिकडे झऱ्यात पाय सोडून बसलेत."

चपळरावांनी झऱ्याकडे पाहिलं. प्रचंडसिंहांनी बेलफळ उंचावून त्यांना नमस्कार केला.

त्याच दिवशी काळी फरशी उखडली आणि तिथे भुसभुशीत माती घालून वर हिरवळ लावली. केरोबासाठी सावरीचा कापूस भरलेल्या मऊ सपाता आल्या. आणि तेव्हापासून रोज पहाटे, केरोबा पहिलं पाऊल टाकायच्या आत, खुद्द चपळराव महाराज तेलाची वाटी घेऊन त्याच्या दारात हजर असतात. नखं आत ओढून ते अंथरुणाच्या पायथ्याशी बसतात.

"आधी बोटं मागे ओढा," ठकूबाई ओट्यावरून सांगते. "हां, अशी. आता पोटऱ्या चोळा. आणि उद्या जरा लवकर या, काल तेल निवलं होतं."

"हो, वहिनी," महाराज म्हणतात.

समितीचं काम अजून चालू आहे. केरोबाला गुण आपल्यामुळेच आला, असं डॉक्टर लांबे सांगत असतात.

तात्पर्य : टाच दुखत असेल, तर टाचेवर औषध शोधत फिरू नका. आपण खाली बसलो तर कोण पडेल, ते आधी शोधा. तेल घेऊन तो स्वतःच येतो.