जावयाच्या पंगतीला बकरी

"हसवायचं असेल तर आपण हसायचं नाही!" हा गोकुळचा सिद्धांत.

गोकुळचं नांदुऱ्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि या सिद्धांतातले त्याचे गुरू सगळे विलायतेतले. काळ्या-पांढऱ्या जमान्यातले, कोट-टोपी घातलेले, बहुतेक कधीच देवाघरी गेलेले इंग्रज विनोदवीर! सुतकात बसल्यासारखा चेहरा करून ते अशी काही अचाट गोष्ट बोलत, की गोकुळ स्टुलावरून खाली यायचा. दुरुस्त झालेला प्रत्येक फोन तो त्यांच्यावरच तपासून बघे. परिणाम असा, की गिऱ्हाईक घरी जाऊन भजन लावायला गेलं, की समोर गोरे म्हातारे ताटकळत उभे!

एवढी भक्ती, पण सोबत हसायला माणूस नाही. दुकानात कोणाला दाखवलं तर तो विचारी, "याले झालं काय?" घरी बायकोला, जयमालाला दाखवलं तर ती भाजी निवडता निवडता एक नजर टाकून म्हणे, "बिचारा." एकट्यानं हसणं म्हणजे एकट्यानं पत्ते खेळणं. जिंकलो तरी सांगायचं कोणाला?

अशात अधिक महिना आला. तीन वर्षांनी एकदा येणारा, जावई नावाच्या पिकाचा हंगाम! धामणगाव बढ्याहून, सासुरवाडीहून, धोंडे जेवायचं बोलावणं आलं आणि गोकुळच्या डोक्यात किडा वळवळला.

"या खेपेले तुया आबाले हसवून दाखवतो. विलायती पद्धतीनं!"

जयमालाच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. तिचे आबा, म्हणजे शेषराव, यांना हसताना गावात कोणी पाहिलं नव्हतं. लेकीच्या लग्नाच्या फोटोतही ते कोर्टात साक्षीला आल्यासारखे उभे होते. एकदा बियाण्याच्या कंपनीचा माणूस फोटो काढायला आला आणि म्हणाला, "काका, जरा हसा की!" शेषराव म्हणाले, "हसू घरी राह्यलं. उद्या आणतो." तो बिचारा खरंच दुसऱ्या दिवशी आला!

"ते हसले तं रोज जेवल्यावर माझ्यासंग एक गोरा पाहायचा," गोकुळ म्हणाला.

"अन् नाही हसले तं सारे गोरे फोनमधून बाहेर. कायमचे."

गोकुळनं खिशातला फोन घट्ट धरला. पण सिद्धांतावर श्रद्धा होती. "हाव!" म्हणून त्यानं टाळी दिली.

सासुरवाडीला थाट मोठा. कूलर गरगरत होता, पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे, वाटीत आमरस, शेजारी मानाची टॉवेल-टोपी. सासूबाई शालूबाई तुपाचं भांडं घेऊन उभ्या, समोर खांबाला टेकून शेषराव.

"बसा, जवाईबापू," शालूबाई म्हणाल्या.

गोकुळ बसला नाही. त्यानं चेहरा दगडासारखा केला, अंगणातल्या लिंबाखाली बांधलेल्या बकरीकडे पाहिलं आणि गंभीर आवाजात म्हणाला, "मी एकटा नाही जेवत. तुमची बकरी संग बसली तरच घास घेईन. अन् तिलेही पाट पाहिजे. मानानं."

आणि तो हशाची वाट पाहत उभा राहिला.

हशा आला नाही. विलायती नियमाप्रमाणे गोकुळनं चेहरा आणखी ताठ केला. जेवढा चेहरा ताठ, तेवढा सासूबाईंचा उतरत गेला. कारण ताटापुढे उभा राहिलेला, तोंड फुगवलेला जावई म्हणजे काय, हे त्या गावात विलायतेला विचारावं लागत नाही.

"जवाई रुसले वं माय!" शालूबाईंनी कपाळावर हात मारला. "मी म्हणतच होती, लग्नात त्याईच्या मामाले पापड नाही भेटला!"

ही हाक कुंपणापलीकडे गेली आणि शेजारच्या अन्नपूर्णाबाई हात पुसत हजर झाल्या. मागोमाग चुलतसासरे उत्तमराव. गावातले रुसलेले जावई मनवण्यात या गृहस्थांचा हातखंडा!

"बकरी मांगते म्हणजे बकरी नाही मांगत," अन्नपूर्णाबाईंनी निदान केलं. "शहाणा जवाई सरळ मांगते काय? बकरीले पाय चार, फ्रीजले पाय चार. लावा हिशेब!"

"फ्रीज धावते काय?" उत्तमराव म्हणाले. "बकरी धावते. मोटरसायकल असन."

"मोटरसायकलले चार पाय कुठून आणता भाऊजी?"

"मंग दोन मांगत असन!"

शालूबाई तुपाच्या भांड्यासकट खाली बसल्या.

आता गोकुळला घाम फुटला. गोरे गेले खड्ड्यात, आधी अब्रू! "अहो, मी रुसलो नाही!" तो ओरडला.

उत्तमरावांनी सगळ्यांकडे विजयी नजर टाकली. "पाहा! आजलोक मी मनवलेला एकेक जवाई पहिले हेच म्हणे."

"गंमत केली हो मी!"

"हे बी म्हणतात. दुसऱ्या नंबरावर."

मग खात्री पटवायला गोकुळ तोंडभर हसला.

"अरे बापा," अन्नपूर्णाबाई मागं सरकल्या, "आता तं दात दाखवून राह्यले!"

जयमालानं दाराआडून नवऱ्याकडे असं पाहिलं, की आमरस जागेवर आंबला असता.

इतका वेळ खांबाला टेकलेले शेषराव तेव्हा हलले. अंगणात गेले. बकरी सोडली, तिचं तोंड धुतलं, टॉवेलानं पुसलं आणि तिला घरात आणून गोकुळच्या शेजारी उभी केली.

"पाट मांडा," ते म्हणाले.

पाट मांडला. रांगोळी काढली. शालूबाईंनी दोघांना कुंकू लावलं, आधी जावयाला, मग बकरीला. पत्रावळीवर दोन धोंडे वाढले गेले. शेषरावांनी बकरीपुढे हात जोडले.

"सावकाश होऊ द्या. काही लागलं तं मांगून घ्या. लाजू नका."

बकरी लाजली नाही. पत्रावळीवरचे धोंडे संपवून तिनं पत्रावळ खाल्ली, मग शेजारी वळून मानाची टोपी तोंडात धरली. गोकुळनं एक टोक ओढलं, बकरीनं दुसरं. शेवटी अख्खी टोपी आत गेली आणि ती निवांत रवंथ करू लागली.

शेषराव बायकोला म्हणाले, "हिचा मान झाला. आता याईच्यासाठी दुसरी टोपी आणा."

गोकुळचा सिद्धांत तिथंच फुटला! तो पोट धरून पाटावरून घरंगळला. दाराआडून जयमालाचा खिदळण्याचा आवाज आला, मग अन्नपूर्णाबाई, मग उत्तमराव. शालूबाईंच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत घर हसलं. न हसलेले दोघंच. एक शेषराव आणि एक बकरी.

निघताना काळीपिवळी जीप दारात आली. शेषरावांनी आधी बकरी चढवली.

"आबा, हे कशाले?" गोकुळ घाबरला.

"जवायासंग जेवली. आता तिले इथं कोणाच्या पंगतीले बसवू? घेऊन जा."

गोकुळनं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मिशी हलते का, डोळ्याचा कोपरा आकसतो का? काही नाही. नुसता काळा दगड, रेघसुद्धा नाही!

मोताळा मागं पडल्यावर जयमाला म्हणाली, "आबा नाही हसले. अन् तुम्ही हसले ते येगळंच."

गोकुळनं फोन काढला. गोरे पुसून टाकायच्या बटणावर अंगठा नेला.

"थांबा," ती म्हणाली. "एक तं दाखवा. जाता जाता."

त्यानं जपून ठेवलेला, सगळ्यांत लाडका गोरा लावला. खड्ड्यांतून हिंदकळत जयमालानं तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. अगदी लक्ष देऊन. गोकुळ श्वास रोखून तिच्या ओठांकडे बघत होता. मागून बकरीही मान लांब करून बघत होती.

संपल्यावर जयमालानं फोन परत दिला.

"हे तं आमचे आबा रोजच करतात," ती म्हणाली. "याच्यात हसाचं काय?"