सुरंगीची पसंती

होडी स्वतः मोटर बघायला येणार आहे, असे शालनमावशीने फोनवर कळवले तेव्हा दुकानदार पेडणेकरांनी फक्त तिची लांबी विचारली.

"चौदा फूट," मावशी म्हणाली.

"मग मागच्या शटरने आणा. पुढे गाड्या लागतात."

शनिवारी सकाळी होडीला, म्हणजे सुरंगीला, टेम्पोतून आणले आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आडवे ठेवले. एका टोकाला मावशी बसली, दुसऱ्या टोकाला तिची भाची गौतमी. गौतमी नववीत होती आणि मावशीच्याच होडीने शाळेत जात असे. फॉर्म तिच्याकडे होता, कारण तिचे अक्षर चांगले होते आणि त्या कामात बोलावे लागत नव्हते. फॉर्मच्या तळाशी होडीच्या संमतीची चौकट होती. ती भरल्याशिवाय मोटर विकता येत नाही.

संमती आज मिळायलाच हवी होती. मावशी आठ वर्षे खाडीपलीकडच्या सहा मुलांना वल्हवत शाळेत नेत होती, आणि आता डॉक्टरांनी तिचा खांदा बघून वल्हे बंद केले होते. दिवाळीची सुट्टी सोमवारी संपत होती. मोटर नसेल तर पुलावरून सतरा किलोमीटरचा वळसा, आणि तिकडची एसटी पहिला तास झाल्यावर पोहोचते. दोन दुकानांना सुरंगी नकार देऊन आली होती. पहिल्यात मोटर पेट्रोलची होती. दुसऱ्यात तिला उन्हात थांबवले होते.

पेडणेकरांनी मावशीला चहा दिला, सुरंगीच्या तळावरून ओला कपडा फिरवला आणि पांढरी मोटर पुढे आणली.

"पंचावन्न पौंड जोर," मोटर म्हणाली. "रिमोटवर चालते. रस्ता लक्षात ठेवते. सांगाल तिथे पाण्यात उभी राहते."

सुरंगी परक्यांशी शुद्ध बोलते. "मागे कोण बसणार?"

"कुणी बसायची गरज नाही."

"पुढची," सुरंगी म्हणाली. गौतमीने 'नामंजूर' लिहिले.

दुसरी मोटर काळी आणि लहान होती. "तीस पौंड. दांडा धरावा लागतो. मला दिशा कळत नाही."

"कोणता हात लागेल?"

"कोणताही. डावा चालेल."

मावशीने डाव्या हाताची बोटे उघडून मिटली.

"आवाज करतेस?"

"पाण्यात नाही. शेवाळ अडकलं की कुरकुरते."

"ते मीही करते," सुरंगी म्हणाली. गौतमीने 'मंजूर' लिहिले.

आता बॅटरी राहिली. पेडणेकरांनी आधी लिथियमची दाखवली.

"मी सात किलोची," ती म्हणाली. "पहिल्या मिनिटाला जेवढा जोर, शेवटच्या मिनिटालाही तेवढाच."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर बंद."

"आधी सांगतेस?"

"आमच्यात तशी पद्धत नाही."

"चांगल्या घरची आहे हो," पेडणेकर म्हणाले. "पाच वर्षांची वॉरंटी."

कोपऱ्यातली जुन्या पद्धतीची बॅटरी कुणी न बोलावता बोलली. "मी सव्वीस किलोची. चार्ज अर्ध्याच्या खाली उतरवला तर मला सोसत नाही. पण दमले की हळू होते. बसणाऱ्याला कळतं."

"हीच," सुरंगी म्हणाली.

मावशी उठलीच. "सव्वीस किलो? सुरंगे, एक पोर कमी बसात गो!"

तेव्हा सुरंगी घरच्या बोलीत बोलली. "दोन वर्सां तुझो खांदो दुखता. सांगलंस कधी? मी एका अंगाक वळतंय, तर माका वाटला माझाच लाकूड वाकला."

"माका काय झालेला नाय," मावशी सवयीने म्हणाली.

"बघा," सुरंगी पेडणेकरांना म्हणाली. "म्हणून मला सांगणारी हवी."

पण वजनाचे काय, ते कुणालाच सुचेना. मुले सहा होती आणि सहाही जायला हवी होती. पेडणेकर घड्याळ बघू लागले. गौतमीचे कान गरम झाले.

"होडीत पुढे दगड आहे," ती फॉर्मकडे बघत म्हणाली. "मावशी मागे बसते, म्हणून नाळेकडे वजनाला ठेवलेला. त्याच्या जागी बॅटरी ठेवली तर?"

"किती किलोचा?"

"पंचवीस असेल," सुरंगी म्हणाली. "आठ वर्षे माझ्याकडे आहे."

"मग दगडाची हरकत नाही ना, ते विचारायला हवं," पेडणेकर म्हणाले.

मावशीने त्यांच्याकडे चमकून पाहिले. "भाऊ, दगड कधी बोलतात काय?"

पेडणेकर ओशाळले आणि लांब वायर शोधायला आत गेले. सुरंगीने चौकटीत तळाचा ओला ठसा उमटवला.

सोमवारी सकाळी सहाही मुले वेळेवर शाळेत पोहोचली. संध्याकाळी परतताना ओहोटीचे पाणी उलट्या दिशेने ओढत होते. मध्यावर होडी हळू झाली.

"दमले," नाळेकडून बॅटरी म्हणाली.

मावशी डाव्या हाताने दांडा धरून बसली होती.

"मी पण," ती म्हणाली.

गौतमीने वल्हे उचलले. सुरंगी सरळ चालली होती.