बोंबल्या बंद होणार नाही

"तो तुमचा बोंबल्या आधी बंद करा!" मुख्य संपादक दारातूनच गरजले.

"नाही करणार," बाई मान वर न करता म्हणाल्या.

पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या त्या कार्यालयातले सगळे संगणक एकट्या बाईंच्या ताब्यात होते. माउस अडला, प्रिंटर रुसला की सगळ्यांना बाई आठवायच्या. एरवी त्यांच्या खोलीकडे कुणी फिरकत नसे. मागच्या खेपेला कुणीतरी पक्क्या झालेल्या फाइलमध्ये हात घातला आणि भूगोलाच्या पुस्तकातली नदी चक्क डोंगर चढून गेली. पुस्तकं शाळांत पोचली, पोरं हसली, आणि बाईंनी पहारा बसवला. पक्क्या झालेल्या प्रत्येक फाइलचा त्यांचा प्रोग्रॅम एक ठसा घेऊन ठेवी. पुढे तिच्यात टिंबभर जरी काही हललं तरी ठसा जुळत नसे, आणि मग बाईंच्या स्पीकरमधून अशी काही बोंब उठे की पलीकडच्या खोलीतल्या चित्रकाराच्या हातातला ब्रश उडे. बोंबल्या हे नाव त्यानंच ठेवलं होतं.

आज संध्याकाळी फायली छापखान्यात जायच्या होत्या, आणि बोंबल्या सकाळपासून ठणाणा करत होता.

"सकाळी हा पहिल्यांदा बोंबलला, म्हणून मी भूगोल उघडला. जातीनं पान न् पान बघितलं," साहेब म्हणाले. "एक अक्षर बदललेलं नाही, तरी भूगोल बदललाय म्हणाला! मग इतिहास उघडला. त्यावरही बोंबलला. तोही जसाच्या तसा! खोटारडा आहे तो."

"त्याला खोटं बोलायची अक्कल नाही, साहेब. काय बदललं एवढंच त्याला कळतं. कुणी बदललं ते आपण शोधायचं."

"शोधतो ना! सगळ्यांना कामाला लावतो. पण संध्याकाळपर्यंत काही सापडलं नाही, तर बोंबल्या कायमचा बंद आणि उद्यापासून तुम्ही टपाल विभागात. पाकिटं चिकटवा."

"चिकटवीन. पण मी या खुर्चीवर आहे तोवर पहारा उठणार नाही."

साहेब पाय आपटत गेले आणि त्यांनी हुकूम सोडला: प्रत्येक विभागानं आपापली फाइल उघडून ती बदललेली नाही ना याची खात्री करावी. झालं! गणितवाल्यांनी गणित उघडलं, बोंब. विज्ञानवाल्यांनी विज्ञान उघडलं, बोंब. चित्रकारानं कानात कापसाचे बोळे घातले. पानं लावणारा मांडणीवाला धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, पाया पडतो, याचा गळा दाबा हो! आम्ही कुणी काही केलेलं नाही!"

"केलं नाही तर घाबरतोस कशाला?" बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनाही शंका आली. आपणच प्रोग्रॅम लिहिताना काही घोळ घातला असेल तर? मग पाकिटं काही चुकत नाहीत. पण हार मानायची तर निदान डोळ्यांनी बघून मानू, असं म्हणून त्या उठल्या आणि तडक साहेबांच्या खोलीत जाऊन त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

"आता काय?"

"तुम्ही तपासता कसं ते बघायचंय."

"त्यात काय बघायचंय? ही फाइल उघडली. हे पहिलं पान, ठीक. हे शेवटचं, ठीक. सेव्ह केली, बंद केली."

पलीकडून बोंब उठली.

बाई शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा करा."

साहेबांनी पुन्हा केलं. पुन्हा बोंब. मांडणीवाला आणि चित्रकार दारात येऊन उभे राहिले.

"नुसतं बघायचं होतं तर सेव्ह कशाला केलीत?"

"म्हणजे? सेव्ह न करता बंद करायची? उद्या काही उडालं म्हणजे?"

"सेव्ह केली की शेवटचा हात कुणी आणि कधी लावला हे फाइल आपल्या पोटात नोंदवते. तो बदलच झाला, साहेब. काही बदललं नाही ना हे बघायला तुम्ही सकाळपासून सगळं बदलत बसलाय. आणि वर सगळ्या ऑफिसला तेच करायला लावलंत!"

चित्रकार खो खो हसायला लागला. कानातले बोळे काढायचे राहिल्यामुळे आपण किती मोठ्यानं हसतोय याचा त्याला पत्ता नव्हता.

बाईंनी आपल्या खोलीत जाऊन सगळ्यांचे फाइल बदलायचे अधिकार काढून घेतले.

मागोमाग आलेले साहेब ओरडले, "माझेसुद्धा? मी मुख्य आहे!"

"म्हणून तुमचे आधी काढले."

मग त्यांनी जपून ठेवलेल्या मूळ फायली एकेक करून जागेवर आणल्या. ठसे जुळले. बोंबल्या गप्प झाला. बाईंना इतका आनंद झाला की खुर्चीसकट एक गिरकी घ्यावीशी वाटली. साहेबांचा चेहरा मात्र पडला.

"सगळ्या जुन्या आणल्यात? भाषेचीसुद्धा?"

"भाषेचीसुद्धा. का?"

साहेब मान चोळू लागले. "तिच्यात मी एक बदल खरोखरच केला होता. सकाळची पहिली बोंब तीच. आभाराच्या पानावर झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं होती, तुमचंच नव्हतं. म्हटलं, गुपचूप घालू. पुस्तक हातात पडलं की बघतील."

इतकी पुस्तकं बाईंच्या हाताखालून गेली, पण एकाही पानावर त्यांचं नाव कधी छापलं गेलं नव्हतं. आईला नेऊन दाखवलं असतं तर तिनं सगळी गल्ली गोळा केली असती.

"घालू या ना परत," मांडणीवाला कळवळून म्हणाला. रीतसर बदलायचं तर पुस्तक मंजूर करणाऱ्या समितीच्या सह्या पुन्हा घ्याव्या लागल्या असत्या, आणि समिती कधीच पांगली होती. "घटकाभर बोंबल्या बंद करा. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"चांगला बदल आहे, बाई," साहेब हळूच म्हणाले.

"प्रत्येकाला आपला बदल चांगलाच वाटतो, साहेब." बाईंनी माउस हातात घेतला. "दिवसभर तुमच्याशी भांडले ते काय माझ्या नावासाठी पहारा उठवायला?"

आणि कुणी आणखी काही बोलायच्या आत त्यांनी बटण दाबलं. फायली छापखान्यात गेल्या, बाईंच्या नावाशिवाय.

साहेब बराच वेळ तिथंच घुटमळले. "मग पुढच्या पुस्तकात?"

"घाला की. फाइल पक्की व्हायच्या आधी घाला," बाई पर्स उचलत म्हणाल्या. "आणि ठळक अक्षरात."