मनातली म्हैस शेवटी

घोडेगावच्या बाजारात वैजनाथच्या तोडीचा हेडी नाही, हे बाजाराला माहीत असो वा नसो, वैजनाथला पक्कं माहीत होतं. पंचवीस वर्षं म्हशींची दलाली केल्यावर त्याचा एकच नियम उरला होता. मनात भरलेल्या म्हशीकडे बघायचंच नाही. आधी नको असलेलीचे दात तपासायचे, तिची शेपटी उचलून बघायची, मालकाला आशेला लावायचं, आणि निघता निघता सहज खऱ्या म्हशीचा विषय काढायचा.

त्यामुळे लेक ज्योती दहावीला ब्याण्णव टक्के पाडून आली आणि अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरायची वेळ झाली, तेव्हा त्यानं कुणालाच मोबाईलला हात लावू दिला नाही.

"कंचं कॉलेज पायजे तेवढं सांग. बाकी माझ्यावर सोड."

"सोनईचंच बघा अण्णा," ज्योती मान खाली घालून म्हणाली. "घराजवळ हाय, मैत्रिनी हायेत. श्रीरामपूर नको, लई लांब पडतंय."

पसंतीची दहा कॉलेजं भरायची होती. वैजनाथनं पहिल्या नंबरावर श्रीरामपूर ठोकलं आणि सोनई पार दहाव्या नंबरावर दडवलं. व्यवस्थापन कोटा, इनहाऊस कोटा असले वेगळे अर्जही होते. ते त्यानं गिऱ्हाईक भुलवायची जागा समजून सोडून दिले. शेवटच्या तारखेची तर त्याला फिकीरच नव्हती. शेवटची तारीख म्हणजे बाजारातला पहिला भाव, ती हलतेच, असं त्यानं बायकोला, सुरेखाला सांगितलं. आणि तारीख खरंच दोन दिवसांनी वाढली! त्या दोन दिवसांत तो घरात सरकारचा व्याही असल्यासारखा वावरला.

पहिली यादी लागली. ज्योतीला श्रीरामपूर मिळालं.

वैजनाथ गालात हसला. सौदा ठरल्याप्रमाणे चालला होता. आता फक्त नको म्हणायचं, की समोरचा आपोआप खाली येणार. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी फाईल काखेत मारून तो नकार कळवायला श्रीरामपूरच्या कॉलेजात गेला. प्रवेशाच्या टेबलावर सॅमसन सर बसले होते.

"पहिली पसंती मिळालीय, वैजनाथराव. आज सहापर्यंत प्रवेश घ्यावाच लागेल. नाही घेतला, तर मुलगी पुढच्या फेऱ्यांतून बाद. मग अगदी शेवटी उरलंसुरलं मिळेल ते."

"पन आमाला दहावं पायजे हुतं."

"मग पहिलं का लिहिलंत?"

वैजनाथला आत्ता उमगलं. लाखो पोरांचे अर्ज आले होते आणि त्या ऑनलाइन यंत्रानं एकूण एकाचा शब्द खरा धरला होता. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणं नाही, तोंड वाकडं करणं नाही. पहिलं मागितलं, पहिलं दिलं. इतका सरळ व्यवहार त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. सरांच्या कॉम्प्युटरकडे बघताना त्याचा हात नकळत टोपीकडे गेला.

"तारीख वाढंल की सर," तो बारीक आवाजात म्हणाला.

"त्या भरवशावर पोरीचं वर्ष लावू नका."

साडेपाच वाजले. आपल्या शहाणपणापायी लेकीचं मन मोडलं, या विचारानं वैजनाथला भरून आलं. जे होईल ते होवो, तिला नको तिथं घालायचं नाही. सोनईच्या कॉलेजच्या दारात जाऊन बसायचीही त्याची तयारी झाली. प्रवेश नको असं लिहून द्यायला त्यानं सरांकडून कागद घेतला. तेवढ्यात एसटी स्टँडवरून पळत आलेली ज्योती दारात उभी राहिली.

"अण्णा, लिहू नका! आई म्हनली तुमी नकार द्यायला गेलाय. मला हेच कॉलेज पायजे हुतं."

"आन सोनई?"

"इथली प्रयोगशाळा बघून गेल्ते मी, तवाच ठरवलं हुतं. पन खरं सांगितलं असतं, तर तुमी श्रीरामपूर दहाव्या नंबरावर घातलं असतं."

सॅमसन सरांनी चष्मा काढून पुसला. वैजनाथ लेकीकडे बघतच राहिला. पंधरा वर्षं ही पोर आपल्या शेजारी बसून जेवली, आणि आपल्याला काही म्हणजे काही कळलं नाही! अभिमानानं त्याची छाती फुगली, आणि थोडी भीतीही वाटली.

सहाला दहा कमी असताना प्रवेश झाला. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "काय खातीस? भेळ का पेढा?"

"भेळ," ज्योती म्हणाली.

वैजनाथ भेळेच्या गाडीकडे दोन पावलं गेला आणि थांबला. मागे वळून त्यानं लेकीचं तोंड नीट निरखलं. मग दोन्ही घेऊन आला.