बाभळीपाशी घसरणारं चाक

माझी बायको वच्छला गेली त्या दिवशी डॉक्टर बाहेर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मान खाली घातली. मी रेवणप्पा, होटगीचा एकमेव गुप्तहेर. माणसाच्या चेहऱ्यावरून मी सगळं ओळखतो. मी विचारलं, "तिच्यासाठी डबा आणू का?"

तरी माझी कीर्ती मोठी आहे. रेल्वेत असताना हरवलेली हिरवी झेंडी मी दोन दिवसांत शोधली होती. ती माझ्याच काखेत आहे, एवढंच वच्छलाने सांगितलं होतं. बाकी तपास माझा.

दर शुक्रवारी ती टेकडीवर यल्लम्माच्या देवळात दिवा लावायची. ती गेल्यापासून देऊळ अंधारात, आणि तिची तेलाची अर्धी बाटली घरात तशीच. माझे गुडघे गेलेत. चढ चालवत नाही, सायकल मात्र जमते. म्हणून माझ्या मित्राच्या, मकदूमच्या दुकानातून डोंगरात चालवायची गिअरची सायकल आणली. चाकं एकोणतीस इंची. अर्ध्या चढावर, बाभळीपाशी, मागचं चाक खडीवर जागच्या जागी फिरलं आणि मी आडवा.

प्रकरण हाती घेतलं.

"मकदूम, गुन्हेगार सापडला. चाक मोठं आहे. जुन्या मालगाडीच्या इंजिनाची चाकं लहान असायची. ओढायला लहान चाकच लागतं."

"तू इंजिन न्हाईस," मकदूम म्हणाला. तरी त्याने साडेसत्तावीस इंची चाकांची सायकल दिली.

बाभळीपाशी पडलो.

मग टायर संशयित ठरले. रुंद, खोल नक्षीचे घातले. बाभळीपाशीच पडलो. आता संशय बाभळीवर गेला.

"तिला अटक कर की," मकदूम म्हणाला.

त्याची बायको मदिनाबी दुकानाच्या दारात शेंगा फोडत बसली होती. तिने उठून टायर अंगठ्याने दाबला.

"अण्णा, ह्यो टायर हाय का वरवंटा? हवा कुणी भरली?"

"मी."

"किती?"

मी टायरवर टिचकी मारून दाखवली. फलाटावर थांबलेल्या गाडीच्या चाकांवर हातोडा मारून आवाज ऐकायचा, हे पस्तीस वर्षं माझं काम. ठण वाजलं की चाक चांगलं. त्यामुळे प्रत्येक सायकलीत मी ठण वाजेपर्यंत हवा भरत होतो.

"ते लोखंड हुतं, अण्णा. हे रबर हाय. खडी धरायला जरा दबाय नको का?" तिने थोडी हवा सोडली. टायरबरोबर माझे तीन सिद्धांतही फुस्स झाले.

"मग चाक मोठं घेऊ का लहान?"

"मोठंच घ्या. दगडावरनं सरळ जातंय. फकस्त ठोकून बघू नका."

काल शुक्रवारी निघालो. सगळ्यात हलका गिअर, बूड सीटवर. बाभूळ मागे पडली. तिला मी निर्दोष सोडलं. वर पोचलो, समईची काजळी पुसली, वात घातली आणि पिशवीत हात घातला.

बाटली घरी ओट्यावर होती. निघताना "तेल घेतलं का?" असं विचारणारं घरात कोणी नव्हतं.

दिवा लावायचा राहिला आहे.