ओगावासाहेबांचा होकार

वळ गावच्या देवीची पालखी दारी आल्याखेरीज जानकीबाईंचा नवरात्राचा उपास सुटत नसे. यंदा वाटेत कंटेनर उभा होता. तो जपानी कंपनीचा, कंपनी जानकीबाईंच्याच गोदामात भाडेकरू आणि कंटेनर हलवण्याचा अधिकार मुंबईच्या ओगावासाहेबांना. म्हणजे फोन करणं आलं.

"ओ-गावा? मंग आपल्याच गावचा हाय की!" जानकीबाईंना धीर आला.

भाची उन्नती ठाण्याला जपानी शिकत होती. "मावशी, मालकिणीनंच बोलायची तिकडं रीत आहे. मी सांगते तसं म्हण. आधी 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु'. म्हणजे, सदैव आपल्या कृपेत आहोत."

"सेवा? देवाचीच भासा हाय गो!"

"कामाचं लगेच बोलायचं नाही. आणि बोलताना कमरेत वाकायचं."

"फोनवर दिसतं त्याला?"

"दिसत नाही, पण पोचतं."

हे जानकीबाईंना पटलं. देवाचंही तसंच असतं.

गोदामाच्या फाटकाशी मोबाइल स्पीकरवर टाकून कानाशी धरून, कंटेनरकडे तोंड करून त्या वाकल्या. उन्नती दुसऱ्या कानात सांगे, त्या म्हणत. आपली कृपा आहे. त्रास दिल्याची क्षमा असावी. हवा बरी आहे. पालखी मात्र किंचित रुंद आहे. दर वाक्याला पलीकडून खणखणीत उत्तर येई, "हाय!"

"झालं काम! हाय बोलला!"

"मावशी, त्यांचं हाय म्हणजे नुसतं 'ऐकतोय'."

शेवटी साहेब काय म्हणाले ते उन्नतीनं मराठीत सांगितलं: जरा अवघड आहे.

"अवघड हाय, पन करतो, असंच ना?"

"नाही. म्हणजे होणार नाही."

"मंग न्हाय बोलाया काय झालं?"

"उद्धटपणा होतो. तूसुद्धा न्हाय म्हणू नकोस, ऐकतायत ते."

आता फोन ठेवावा, तर आधी ठेवील तो असभ्य. जानकीबाई वाकून म्हणत, आपण ठेवा. साहेब म्हणत, आधी आपण. तेवढ्यात ढोल वाजवत पालखी आली. पालखीचे मानकरी हिरामण बघतात तो काय, नऊ दिवसांच्या उपाशी जानकीबाई कंटेनरपुढे पुन्हा पुन्हा वाकताहेत.

"वयनी उगा वाकायच्या न्हाईत. नारल आना रे!"

नारळ फुटला. कंटेनरला कुंकू लागलं. जानकीबाई जिवाच्या आकांतानं हात हलवत होत्या, पण 'न्हाय' म्हणायची सोय नव्हती. पालखी तिथूनच माघारी वळली. उत्सव समितीनं उभ्या-उभ्या ठराव केला: कंटेनरपर्यंत आलेली पालखी दारी आली असे समजण्यात यावे. जानकीबाईंनी डोळे पुसले आणि ठरावाचा मान राखून भात वाढून घेतला.

आता साहेबांनी मनावर घेतलं तरी कंटेनर हलत नाही, भावना दुखावतील. आत गरम पाण्याच्या फवाऱ्याचे जपानी कमोड आहेत. हे तुम्हाला आता ठाऊक झालं. तरी त्या वाटेनं जाल तेव्हा चपला काढालच; चार माणसं बघत असतात.